वाटाण्याएवढे तुकडे

धाकटी : ...आणि माझं घर तिसऱ्या मजल्यावर, त्यात लिफ्ट नाही. बाबांना वर न्यायचं कसं, तूच सांग.

ताई : तो बन पार खालपर्यंत कापू नकोस. एक बाजू जोडलेली राहू दे, नाहीतर भरताना हातात येतो.

धाकटी : ताई, मी काय बोलतेय?

ताई : ऐकलं. लिफ्ट नाही. मागच्या महिन्यात तुझ्याकडे पाहुणे होते, त्याच्या आधी रंगकाम. माझं म्हणणं एवढंच आहे, येत्या पंधरा तारखेला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. दोनदा तारीख घेतली, दोनदा रद्द केली. डॉक्टर म्हणाले, बाई, तिसऱ्यांदा रद्द केलीत तर वर्षभर नंबर लागायचा नाही. सहा आठवडे बाबांना ने. फक्त सहा. नेणार की नाही, ते मला आज कळलं पाहिजे.

धाकटी : आज त्यांचा ऐंशीवा वाढदिवस आहे. बारा वाजता साठ माणसं यायचीत. आजच काढायचा होता हा विषय?

ताई : मग कधी काढू? सकाळच्या गाडीने येतेस, संध्याकाळच्या गाडीने जातेस. तुला गाठायचं तर असंच, हॉलच्या स्वयंपाकघरात, बन कापता कापता.

धाकटी : एखादी बाई ठेवू या ना दिवसभराची.

ताई : दोन ठेवल्या. पहिली चार दिवस टिकली. दुसरी जेवणाच्या सुट्टीत गेली, ती अजून जेवतेच आहे.

धाकटी : हसवू नकोस गं.

ताई : मी कुठे हसतेय?

धाकटी : फोनवर तर किती छान बोलतात बाबा. रविवारीसुद्धा म्हणाले, मजेत आहे. मी तुला म्हटलं पण होतं, त्यांना जरा मोकळ्या हवेत नेत जा, कोडी सोडवायला देत जा...

ताई : म्हटलं होतंस खरं. उंटावरून शेळ्या हाकायला कुणाचं काय जातंय!

रखवालदार : येऊ का आत? ते तिन्ही विजेचे कुकर एका बोर्डावर लावू नका हां ताई. मागे एका लग्नात असेच लावले आणि फ्यूज उडाला. फोटोवाला बोंबलतोय, नवरी रडतेय, आणि शिव्या मला.

ताई : दोनच आहेत या बोर्डावर, काका. तिसरा दारापाशी लावलाय. बाबा बरे आहेत ना बाहेर?

रखवालदार : मास्तर? झकास! खिडकीशी बसलेत आणि मला झापतायत, स्कूटर वाकडी लावलीस म्हणून. मला गाडी शिकवली त्याला तीस वर्षं झाली, अजून पाठ सोडत नाहीत. त्यांना जरा बिस्किट देऊ का? माझ्याकडे आहे.

दोघी : नको!

रखवालदार : बरं बरं. बिस्किटच म्हणालो, बॉम्ब नाही. येतो मी.

धाकटी : यांना सांगितलं नाहीस तू?

ताई : दहादा सांगितलं. पटतच नाही लोकांना. खुर्चीत बसलेला माणूस धडधाकट दिसतो, सगळ्यांना नावानिशी ओळखतो. अर्धांगाचा झटका येऊन चार वर्षं झाली, आता हातसुद्धा हलतो. पण गिळताना ठसका कधी लागेल त्याचा नेम नाही, हे दिसत नाही ना कुणाला. मला विचार. ते खोकले की मी जागी होते. नाही खोकले तरी जागी होते, का खोकले नाहीत म्हणून. थकले गं मी. खरंच थकले.

धाकटी : आणि त्यात हा घाट कशाला घातलास? केक आणि वेफर्स ठेवले असतेस. साठ माणसांचे सँडविच!

ताई : त्यांचीच फर्माईश. त्यांच्या ड्रायव्हिंग स्कूलची पोरं लायसन्स काढून आली की आई हेच करायची ना. हॅम पहाटे स्लो कुकरमध्ये टाकायचं, ब्राउन साखर, मोहरीची पेस्ट, अननसाचा रस, आणि विसरून जायचं. वेळ झाली की बनमध्ये भरायचं. चाळीस वर्षांत जी जी पोरं गाडी शिकली, तीच यायचीत आज. बाबा म्हणाले, त्यांना तेच खायला घाल. नाही कसं म्हणू? एक कुकर माझा, दोन मागून आणले. पाचला उठून पाच किलो हॅम कापायला बसले.

धाकटी : वास तर मस्त सुटलाय. बघू का झालं का?

ताई : बघ. हलव जरा खालून.

धाकटी : ताई... हे काय?

ताई : का? करपलं?

धाकटी : करपलं नाही. तू बघ इकडे येऊन.

ताई : अगं बाई.

धाकटी : थांब, दुसरा उघडते. ...यातही तसंच. सगळं बारीक, वाटाण्याएवढं. पाच किलो तू असं चिरत बसलीस?

ताई : चकत्या करायच्या होत्या. मी चकत्याच करायला बसले होते.

धाकटी : आणि एकदाही लक्षात नाही आलं?

ताई : मला वाटलंच, आज काम उरकत का नाहीये. आठ वाजले मला आठ! डॉक्टरांनी सांगितलंय ना, घास वाटाण्याएवढा हवा. ब्रेड, बटाटा, सफरचंद, चार वर्षं सगळं तसंच चिरतेय. सुरी हातात घेतली की हात आपोआप तेच करतो. कधी कधी माझं स्वतःचं ताटसुद्धा चिरून ठेवते. खायला बसले की कळतं.

(ताई हसायला लागते. हसता हसता तिला रडू फुटतं आणि बराच वेळ थांबत नाही.)

धाकटी : ताई. ताई, अगं. ठेव ती सुरी. ये इकडे.

ताई : साठ माणसं येतायत गं. काय म्हणतील लोक, पाहुण्यांना काय हे खायला घातलंय.

धाकटी : म्हणू देत. पूस डोळे. माझी ओढणी घे, चालेल.

रखवालदार : काय झालं? उडाला ना फ्यूज? मी म्हटलंच होतं...

धाकटी : फ्यूज शाबूत आहे, काका. या, हे जरा चाखून सांगा.

रखवालदार : आण. ...वा! लोणी आहे हो नुसतं. कवळी घरी राहिलीय माझी, तरी गेलं बघा खाली. यात रडण्यासारखं काय आहे?

ताई : चकत्या हव्या होत्या. हे बनमधून गळेल सगळं. शर्ट खराब होतील लोकांचे.

रखवालदार : मग होऊ देत. मास्तरांच्या हाताखाली शिकताना लोकांनी भिंती पाडल्यात, शर्टाचं काय घेऊन बसलात? चमच्याने भरा आणि कागद द्या दोन-दोन जास्तीचे. चौघं आलेत बाहेर, त्यांना बसवतो मी.

धाकटी : दे, मी भरते. तू लोणी लाव. ...ताई, ते द्राक्ष मी दिलं होतं.

ताई : कुठलं द्राक्ष?

धाकटी : तुला माहितेय कुठलं. दोन वर्षांपूर्वी. तू अंघोळीला गेली होतीस. बाबांनी हात पुढे केला आणि मी दिलं. अख्खं. निळे पडले होते ते, ताई. तू ओल्या केसांनी धावत आलीस, त्यांच्या पाठीत थापा मारल्यास, तेव्हा कुठे ते बाहेर आलं. मी भिंतीला चिकटून उभी होते नुसती. आणि वर तुला सांगितलं, त्यांनीच ताटलीतून उचललं.

ताई : ताटली फ्रीजच्या डोक्यावर होती. तिथपर्यंत त्यांचा हात कसा पोचणार?

धाकटी : म्हणजे तुला तेव्हापासून माहिती आहे?

ताई : हो.

धाकटी : मग बोलली का नाहीस कधी?

ताई : काय बोलायचं? मला वाटलं, चुकलंय म्हणून तोंड लपवतेय, चार दिवसांनी येईल. तू आठ महिने आली नाहीस. मग वाटलं, निमित्तच मिळालं हिला. सुटली ही. खूप राग होता मला तुझा. अजूनही आहे थोडा.

धाकटी : निमित्त नाही गं. भीती. लिफ्टबिफ्ट सगळं झूट आहे. शेजारची दोन माणसं खुर्चीसकट वर नेतील त्यांना, मी विचारूनही ठेवलंय. पण नंतर घरात मी आणि बाबा, आणि समोर ताट. माझ्या हातून गेले तर?

ताई : हे मी रोज तीन वेळा म्हणते.

धाकटी : मग घास कसा उचलतेस?

ताई : उचलायचा. भूक लागते त्यांना.

धाकटी : ...दाखव मला.

ताई : आत्ता?

धाकटी : आत्ता. लोक यायच्या आत.

ताई : वाटीत घे दोन चमचे. रस निथळून घे, पातळ त्यांना सोसत नाही. ताठ बसव. मध्ये बोलू द्यायचं नाही, आणि तेच सगळ्यात कठीण आहे. घास उजव्या बाजूने दे, डाव्या गालात अडकून राहतो. तोंडात गेला की म्हणायचं, ‘ब्रेक’.

धाकटी : काय म्हणायचं?

ताई : ब्रेक. की ते हनुवटी खाली घेतात. मग म्हणायचं ‘क्लच’, की गिळतात. गळ्याची घाटी वर जाऊन खाली आलेली दिसली पाहिजे. मग ‘गिअर’. तोंड उघडून रिकामं दाखवतील. दाखवलं तरच पुढचा घास. ‘हनुवटी खाली घ्या, हनुवटी खाली घ्या’ सांगून सांगून नाकी नऊ आले होते माझ्या. एक दिवस वैतागून ओरडले, ‘ब्रेक मारा, बाबा!’ आणि मारला की!

धाकटी : ब्रेक. क्लच. गिअर.

ताई : घाई केलीस तर तुलाच ओरडतील. एवढ्याशा वाटीला वीस मिनिटं धर.

धाकटी : आणि ठसका लागला तर?

ताई : खोकू द्यायचं. खोकतायत म्हणजे हवा जातेय. आवाज बंद झाला, तर पुढे वाकवायचं आणि दोन खांद्यांच्या मधोमध तळहाताने जोरात मारायचं. जोरात म्हणजे जोरात. बाबा आहेत म्हणून हळू नाही.

धाकटी : बरं.

ताई : आज नाही धीर झाला तर राहू दे. मी भरवीन.

धाकटी : धीर कुठला व्हायला? तरी भरवते. आणि बारा तारखेला मी येते. दोन दिवस तुझ्याकडे राहून, तुझ्यासमोर भरवते. चौदाला त्यांना घेऊन जाते.

ताई : खरं?

धाकटी : खरं. तू ऑपरेशन करून घे.

ताई : सहा आठवडे आहेत हं. रोज तीन वेळा.

धाकटी : मोजलंय मी.

रखवालदार : ताई, वीसेक जण जमले की हो! आणि मास्तर विचारतायत, जेवण कधी मिळणार. साठ वेळा विचारून झालं.

धाकटी : मी आणतेय, काका. त्यांना जरा शेजारच्या खोलीत आणून बसवता? सगळ्यांसमोर नको भरवायला.

रखवालदार : आत्ता आणतो. चला, मास्तर, गाडी काढा!

ताई : वाटी दोन्ही हातांनी धर. सांडशील.

धाकटी : धरली. दार उघडं ठेवू की लावू?

ताई : उघडंच ठेव. मला इथे ऐकू आलं पाहिजे. ...थांब. लाव.