सुट्टीचा गूळ

मी जालन्याकडची. लग्न करून आले ती थेट साकीनाक्याला, दहा बाय दहाच्या खोलीत. समोरच्या गाळ्यात बाया पायजेत म्हनून पाटी लागली, तर मी गेले. काय सांगू तुमाला, ताई, छत काळं, भिंती काळ्या, बाया पन काळ्या, नुसते डोळे आन् दात दिसायचे.

तुमच्या मिक्सरच्या मोटारीत दोन बारके काळे तुकडे असतात ना, कार्बन ब्रश म्हनतात त्याला, ते झिजले की मिक्सर बंद. ते आमी करायचो. ग्रॅफाइटची लादी यायची, पेन्सिलीच्या शिशासारखी मऊ, ती कापायची, मग तुकडा चाकावर धरून घासायचा, बोटालाच अंदाज येतो. माझा एक तुकडा कधी परत आला नाय, उगाच सांगत नाय, एक पन नाय. भुकटी मात्र उडायची. धूळ ओढायचा पंखा व्हता भिंतीत, तो बिघडला तो बिघडलाच. शेठ म्हनला करू, करू. आन् पंख्याऐवजी गूळ आनला.

रोज सुट्टी झाली की दारात गुळाचा खडा. गूळ खाल्ला की छातीतली धूळ खाली उतरते, असं सगळेच म्हनायचे. वाटायचं काम माझ्याकडं, कारन मी जुनी. माझी नणंद शकू, नवऱ्यानं टाकलेली, तिला मीच तिथं लावली. तिला गूळ आवडायचाच नाय, म्हनायची वहिनी, नको गं, मळमळतं. मी म्हनायचे गप खा, औषध हाय ते. तोंडात कोंबायचे तिच्या. एकदा पंख्यावरून शेठशी भांडायला निघाली, तर मीच हात धरला, म्हनलं गूळ देतो ना तो, दुसरीकडं तेवढं तरी कोन देतं?

मग शकूला जिना चढवंना. थुंकी काळी. सरकारी हॉस्पिटलात नेली, डॉक्टरीन पोरगीच व्हती, तिनं छातीचा फोटो उजेडात धरला, विचारलं या सिगरेट ओढतात का. मी म्हनलं नाय हो, उलट गूळ खाते रोज. ती हसली नाय, ताई. म्हनली मावशी, गूळ पोटात जातो, धूळ छातीत जाते, वाटा दोन आहेत. एवढी साधी गोष्ट. वीस वरसांत मला कोनी सांगितली नाय, आन् मी पन विचारली नाय.

शकू गेली. आमच्या बौद्धांत तेराव्याच्या जागी पुण्यानुमोदन असतं, त्याला शेठ घरी आला, हात जोडले, आन् पिशवीत काय आनलं असेल? गुळाची ढेप. राग आला मला, असा राग आला. ढेप उंबऱ्याबाहेर ठेवली, मुंग्यांनी खाल्ली.

आता मला पन दम लागतो, काम सुटलं, नळावर जाऊन येईस्तोवर दोनदा बसते. गाळा चालूच हाय, पंखा तसाच. नव्या पोरी सुट्टी झाली की माझ्या दारावरूनच जातात, गालात गूळ असतो. परवा एकीला थांबवलं, म्हनलं गूळ नको गं, पंखा मागा. ती म्हनली मावशी, टेन्शन नको घेऊ ना, गुळानं सगळं खाली उतरतं, गाळ्यातली एक जुनी बाई सांगून गेलीय सगळ्यांना.

ती बाई मीच, म्हनून सांगायला तोंड उघडलं तर खोकला आला. तो थांबेस्तोवर पोरगी गेली पन. चांगली राहो बिचारी, दुसरं काय म्हनू मी.