एका मोटारीवर धा शेतं

जायच्या आदल्या दिवशी अप्पांनी विचारलं होतं, "तेजे, तू हापिसात करतीस तरी काय?" तेजस्वीनं नेहमीसारखं "तुम्हाला न्हाय कळायचं" म्हणून टाळलं होतं. दुसऱ्या दिवशी अप्पा गेले. आता ती त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी रांगेत उभी होती. पुढं एक अनोळखी बाई आणि एक गृहस्थ बोलत होते.

"पावणं, खिडकी का थांबलीया?"

"सर्व्हर अडकलाय, आक्का. एकाच सर्व्हरवर धा संस्थांचे डेटाबेस हायत. एकानं समदी ताकद ओढली की बाकीचे कोरडे."

"म्हंजे एका मोटारीवर धा शेतं!"

"व्हय की."

"मग पाळ्या लावायच्या. आमच्यात पाटकरी लावतोय. पाणी कुणाला, किती येळ, समदं त्योच ठरवतोय."

"हितं बी असंल की कोणतरी. झोपलं असंल."

"कोण त्यो मुडदा?"

"मीच ती, मावशी," तेजस्वी म्हणाली. "हा सर्व्हर मीच बघते. पाळ्या लावायच्या राहिल्या."

"तू व्हय? आन् हे शिकलीस कुठं?"

"पुण्यात. चार वर्षं." तिला हसू आलं. "माझे अप्पा पाटकरी होते. त्यांचंच काम करते मी, मावशी. त्यांना कधी सांगितलं नाही."