निधी कुठल्या देवाला समर्पित केला?

आजच्या कार्यक्रमाचे अध्यक्ष आणि आपल्या गावचे सरपंच बसवराज अण्णा, तालुक्याहून वेळात वेळ काढून आलेले आरोग्याचे मोठे साहेब, देवस्थानचे पंच निंगप्पा अण्णा, आज जिच्यासाठी हा मांडव घातलाय ती आपली सिद्धेश्वरी सिस्टर आणि खाली बसलेल्या माझ्या आयाबहिणींनो, बाप्येमाणसांनो, तुम्हा सगळ्यांना चंद्रव्वाचा शरणु शरणार्थी, नमस्कार.

मी तिसरी पास. हे भाषण चार दिवस बसून माझं मी लिहिलंय. अक्षर लागलं नाही तर मध्येच थांबेन, तेवढं सांभाळून घ्या.

आधी आनंदाचं सांगते. माझी नात हेमावती आता साडेतीन महिन्यांची झाली. ती बघा, सुनेच्या मांडीवर, माईककडं बघून हसतेय. चार नातवांनंतरची ही पहिली नात. गावात पेढे वाटले तर आमची जाऊ म्हणते, “मुलगी झाली आन् पेढे?” म्हटलं, “व्हय, आन् तुला दोन जास्त.” असो. भरकटले.

सिस्टर आज रिटायर होतात. उद्या एक जून, त्यांचा वाढदिवस. आता आपल्या भागात शाळेत घातलेली निम्मी माणसं एक जूनचीच, कारण गुरुजींनी तीच तारीख लिहिली! माझी खात्री आहे, सिस्टर खऱ्या चार वर्षांनी लहान असणार. पण सरकार कागदाला मानतं.

तर हेमावतीचा जन्म. फेब्रुवारीतली दुपार. आपल्याच उपकेंद्रात बाळंतपण झालं. पोर एक किलो आठशे. सिस्टरनी तिला ऊब देणाऱ्या यंत्राखाली ठेवलं आणि लाईट गेली. माझ्या सुनेला, महेश्वरीला, रक्त जात होतं, म्हणून तिच्या अंगावर बाळ देता येईना. सिस्टर माझ्याकडं वळल्या.

“चंद्रव्वा, ब्लाऊज काढा.”

“आं? आवो, मी म्हातारी—”

“लाजायला येळ न्हाय! काढा म्हंते ना!”

माझ्या सासूनं कधी एवढा हुकूम केला नव्हता. ते ओलं पाखरू माझ्या उघड्या छातीवर ठेवलं, वरून दोन चादरी. सिस्टर एका हातानं सुनेचं रक्त थांबवत होत्या आणि तोंडानं मला दटावत होत्या, “हालू नका, झोपू नका, श्वास बघत ऱ्हावा.” सोलापूरला न्यायला गाडी यायला चार तास गेले. मंडळी, चार तास यंत्राच्या जागी मी होते.

हसता काय? मी पण हसले होते. पण घरी आल्यावर मला राग आला, तो अजून उतरला नाही.

लाईट गेली तर यंत्र चालावं म्हणून सिस्टर सहा वर्षं इन्व्हर्टर मागत होत्या. सहा पत्रं. प्रत्येकाला एकच उत्तर, निधी नाही. दर मार्चला टीव्हीवर बजेट सांगतात, आरोग्याला इतके हजार कोटी. मी तर एकदा टाळ्या वाजवल्या होत्या. मग ते कोटी निघतात कुठून आणि अडतात कुठं?

यंदा निघाले हो! हेमावतीच्या पुण्याईनं म्हणा. इन्व्हर्टरचे पैसे आले, कधी? अठ्ठावीस मार्चला! वर्ष संपायला चार दिवस, त्यात एक रविवार. खरेदीचे कागद फिरवायला लागतात तीन आठवडे. अहो, लग्नाचा बस्ता आपण लग्नाआधी बांधतो की वरात निघाल्यावर?

एप्रिलमध्ये उपकेंद्राच्या दाराला कागद लागला. मी एकेक अक्षर जुळवून वाचलं, “सदर निधी समर्पित करण्यात आला आहे.” समर्पित! माझ्या डोक्यात तिडीक गेली. तशीच देवळात गेले आणि निंगप्पा अण्णांना चार माणसांत धरलं, “बाळंतिणीचा पैसा देवाला घेतलासा? शिखराला रंग द्याया?”

अण्णा कपाळाच्या विभूतीला हात लावून म्हणाले, “चंद्रव्वा, शिवाची आन, एक रुपाया आला न्हाय. तुला उन्ह लागलंय.”

अण्णा, आज सगळ्यांसमोर तुमची माफी मागते. सिस्टरनी मला नंतर समजावलं की सरकारी भाषेत समर्पित म्हणजे परत. वेळेत खर्च झाला नाही म्हणून मुंबईला परत. सांगताना आधी त्या हसल्या आणि मग पदरानं डोळे पुसले. वर म्हणाल्या, “चंद्रव्वा, खर्च न्हाय केला म्हंजे गरज न्हाय, आसं धरत्यात. पुढल्या वर्षी आनखी कमी मागा म्हंत्यात.”

काय हा न्याय! अकरा महिने सुनेला उपाशी ठेवायचं, मग ताट वाढायचं, दोन घास होतात न होतात तोच काढून घ्यायचं आणि गावभर सांगायचं की हिला भूकच नाही. साहेब, देवाला समर्पित केलेल्या नारळाची निदान शेरणी तरी वाटतात. तुमच्या समर्पणाचा प्रसाद आमच्यापैकी कुणाला मिळाला?

सरपंचांनी चिठ्ठी पाठवली आहे, “थोडक्यात.” अण्णा, तुमची दोन्ही पोरं सिस्टरच्याच हातची. बसा जरा.

साहेब, तुमच्यावर माझा वैयक्तिक राग नाही. तुम्ही सुद्धा वरच्या कागदाची वाट बघता. पण मघाशी चहा पिताना मी सिस्टरचा कार्यभाराचा कागद बघितला. देणार : सिद्धेश्वरी. घेणार : तिथं रिकामी ओळ. तुम्ही म्हणालात, “पदाची मंजुरी न्हाय, पगाराची तरतूद आली की बघू.” म्हणजे उद्यापासून उपकेंद्राला कुलूप. पाटलाच्या आळीत दोघी आठव्या महिन्यात आहेत. त्यांनी कळा थांबवून तरतुदीची वाट बघायची काय? मी एकच छाती घेऊन किती घरांना पुरणार?

माझा लेक शिवप्पा अक्कलकोट रोडला मागावर आहे. सिस्टरसाठी ही चादर त्यानं स्वतः विणली. ती त्यांच्या खांद्यावर घालायचा मान मला दिलात, उपकार झाले. पण एवढ्यात मी ती घालणार नाही. साहेब, तुमच्या खिशाला पेन आहे. त्या रिकाम्या ओळीत एक नाव लिहा. शेजारच्या गावची सिस्टर असेल, आठवड्यातले तीनच वार असतील, तरी चालेल. नाव लिहा आणि वार लिहा. मग सिस्टरना निरोप.

इतका वेळ ऐकून घेतलंत, मंडळी, सगळ्यांची मी आभारी आहे. बोलण्यात काना-मात्रा चुकली असेल, कुणाला लागलं असेल, तर आजी समजून पदरात घ्या. मी खाली बसत नाही. हितंच उभी हाय, चादर घेऊन.

लिवा, साहेब.