सूर्यभानचा मिस कॉल

परतवाड्याहून अमरावतीला येताना बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर एक शेतकरी नवराबायको बसले होते. मी पुस्तक उघडलं होतं, पण पान काही उलटलं नाही.

"अवो, कोणाचा मिस कॉल व्हता?"

"सूर्यभानचा."

"भावजींचा? अकोल्याहून? वावराच्या धुऱ्यावरून भांडले तवापासून पयल्यांदाच! लावा ना मंग."

"मी काहून लावू? बोलाचं त्याले अन् पैसे माये?"

"आता कुठी लागते पैसे? महिन्याचं रिचार्ज मारलं ना तुमी!"

"सवाल पैशाचा नाही. एसटीडी होती तवापासून तो अशीच एक घंटी मारते अन् ठेवून देते. मोठ्या भावानं लावाचा. या खेपेला त्यानंच लावावा."

"लहान्याची हिंमत एका घंटीपुरतीच झाली असन. तुमी मोठे ना?"

"तू काई ऐकणार नाहीस."

"लावला?"

"लावला. पाह्य, फोन कापला त्यानं! सांगतलं व्हतं तुले."

"अवो, वाजून राहिला! त्यायचाच हाये. उचला."

"हॅलो... हो, दादाच बोलून राहिलो... अबे, आधी रडणं बंद कर... बरं, आयक. तू ठेव, मी लावतो. तुये पैसे काहून घालवून राहिला?"