पोपटाचं दुकान

—नाही म्हटलं ना, मार्यूरी इथे नाही. डोंगरात गेलीय, मावशीकडे. माझीच सून, मला ठाऊक नसणार? आणि अशी उन्हात दुकानाची जाळी धरून उभी राहू नकोस गं, टीव्हीवरची माणसं तुम्ही, काळवंडशील. हे घे, चिंचेचं सरबत — पेला मागू नकोस, पिशवीचं टोक दातानं तोड आणि ओढ. तुला कोण ओळखत नाही एस्तेलीत! सोचिल, ‘बिनधास्त बोला’वाली. शनिवारी दुपारी निम्मी गल्ली माझ्या दुकानात जमते तुला बघायला. पोरी खिदळतात, बायका कानांवर हात ठेवतात आणि बोटांच्या फटीतून सगळं ऐकतात. मीही ऐकते, खोटं कशाला बोलू? कसले कसले रोग, तपासणी कुठे, नवऱ्याला नाही कसं म्हणायचं — अगं, आमच्या वेळी हे कोणी पाद्रीबाबाच्या कानातसुद्धा सांगितलं नसतं!

त्या शनिवारीही दुकान भरलेलं. तू फोन घेतलास. कोणी बाई — नाव नाही, आवाजही तुम्ही बदललेला, घागरीत तोंड घालून बोलल्यासारखा. म्हणते, नवरा कोस्ता रिकात अननसाच्या मळ्यावर असतो, सणाला आलाय, अंगावर जखमा आहेत, दवाखान्यात जात नाही आणि मला जवळ ओढतो, मी काय करू? आम्ही सगळ्या हळहळलो. मी तर सगळ्यांत जास्त! म्हटलं, कुणाची असेल बिचारी — आणि तेवढ्यात मागे परसात माझा पोपट ओरडला, ‘गिऱ्हाईक आलं, कासिल्दाबाई!’ सवयच त्याची. तर श्वासभरानं तोच ओरडा टीव्हीतून, घोगरा होऊन — ‘गिऱ्हाईक आलं, कासिल्दाबाई!’ बाईचा आवाज बदललात गं तुम्ही, पण माझं नाव कुठे बदललंत?

एक माणूस हसलं नाही. सगळ्यांच्या माना परसाकडे. आणि माझा यादेर, तिचा नवरा, इथेच या साखरेच्या पोत्यावर बसलेला, बिअर घेऊन. तो उठला. बाटली अगदी नीट खाली ठेवली त्यानं. मग आत गेला.

मारलं? कोण म्हणतं मारलं? नवराबायकोचं ते, घरातलं घरात. चव्हाट्यावर कोणी मांडलं — तिनंच ना? आणि तू तिला सांगतेस, मंगळवारी दवाखान्यात ये, मी दारात उभी असेन! उभी होतीस? मग आता कळलं ना, येत नाही ती. कशी येईल? अगं, यादेर होईल बरा, औषध मीच आणते, सुई मीच टोचते. त्याच्या बापानंही हेच दुखणं आणलं होतं की घरी. मी बोलले कुणाला? पोटातली दोन गेली, पण तोंडातून शब्द नाही. घर राहिलं. तिचंही राहील — चार दिवस एका जागी बसली, डोकं थंड झालं की राहील — मावशीकडे म्हणतेय मी, मावशीकडे.

काय, पिंजरा? हो, रिकामाच. पोपटाचं दुकान कुठलं असं विचारत आली असशील. आता पोपट नाही. यादेरनं त्याच दुपारी मान मुरगळली त्याची, माझ्या डोळ्यांदेखत. केवढासा होता आणला तेव्हा, माझ्या ओठांतून भात खायचा. खरं सांगू? सुनेसाठी रडले नाही तेवढी त्याच्यासाठी रडले मी.

संपव ते सरबत. यादेर जेवायला येईल, तू इथे दिसलेली त्याला आवडायची नाही. — आता काय? कसला आवाज? ‘आई, दार उघडा ना’ — हॅ, ते होय! पोपट गं तो. दिवसभर तेच चालतं त्याचं, ऐकून ऐकून शिकलाय —

काय बघतेस अशी?

जा. दुकान बंद आहे.