यादीतली बारावी

न्हाई, न्हाई — उंबऱ्याच्या आत नगा येऊ, पंत. तितंच अंगनात उभं ऱ्हावा कुत्रीला घिऊन. आन् आदी ती साखळी हाताला गुंडाळलीया ती सोडा. किती येढे दिलेत? तीन? एकांद्या दिशी मनगट निखळंल, मंग कचेरीत लिवनार कंच्या हातानं? साखळी ढिली पायजे. कुत्र्याला आपुन बांधल्यालो हाय हे कळलं की ते वढतंय. तुमी तिला वढता, ती तुमाला वढती, आन् आख्खं भिंगार दारात येऊन बगतंय की कोन कोनाला फिरवाया निगालंय. हसू नगा. हसन्यासारखं काय बोललो न्हाई मी. साळू, ए साळू, भगुन्यात पानी आन गं बाहीर! — पंतांना न्हाई, पंतांना आपल्या घरचं चालत न्हाई. कुत्रीला आन.

पिऊ द्या. मधी बोलू नगा. बघा कशी पितीया — शहरातनं हितपावतर उन्हातनं चालवत आनली, वाटंत कुटं पाजलं हुतं का? न्हाई. बरगड्या दिसाया लागल्यात. ही जिनी हाय का, पंत? हालम साहेबाची जिनी? सा वर्सं मी हिला हातात धरून फिरवली. घोंगडीत गुंडाळून आनली हुती साहेबानं, एवढीशी, तवापास्नं. छावनीतल्या पाच-सा बंगल्यांची कुत्री माझ्याकडं हुती, पन हिच्या अंगावर हात फिरवला की तेल लावल्यागत लागायचा. चार म्हयन्यांत हिचं काय करून ठिवलं तुमी? काय घालता? … दहीभात. बरं. आनि? … पोळी, तूप लावून. वा. आन् एकादशीला? … बोला की, लाजता कशापायी? … साबुदाना. ऐकलंस का साळू, जिनीला उपास हाय पंतांच्या घरी! पुन्य लागनार हाय तिला! अवो, दात बगितले का कंदी तिचे? ते दात दहीभात खायाला दिल्यात का देवानं? तुमच्या सोवळ्याशी कुत्रीला काय घेनं? घरात मटन शिजवा म्हनत न्हाई मी, खाटकाकडनं हाडं आनून मागल्या दारी, भिताडाच्या पल्याड टाकली असती तरी चाललं असतं. पन न्हाई. कुत्रं साहेबाचं पायजे आन् खानं बामनाचं पायजे.

आन् फिरवता कंदी हिला? … सांच्याला, व्हय ना — कापडबाजारातनं. ठाव हाय मला. धोतराचा सोगा हातात, छाती फुडं, आन् म्होरं ही. दुकानातनं हाका येत्यात, 'काय दत्तोपंत, साहेबाचं कुत्रं वाटतं?' आन् तुमी म्हनायचं, 'जाताना साहेबांनी भेट दिली. म्हणाले, तुमच्याशिवाय कुणाकडे देणार.' माझ्या कानावर येतंय समदं, भिंगार काय लंकेत न्हाई. फिरवनं म्हंजे मिरवनं न्हवं, पंत. कुत्रं फिरवायचं पाटं, ऊन चढायच्या आदी, जितं मानूस न्हाई तितं — नाल्याच्या कडंनं, माळावर. त्याला हुंगू द्यायचं. धा पावलं चाललं आन् थांबलं तर आपुन बी थांबायचं, हिसका मारायचा न्हाई. त्याचं वर्तमानपत्र आसतंय ते. आन् घरी आल्यावर लगी खायाला घालायचं न्हाई, आदी निवू द्यायचं. लिवून घ्या की, कारकून हाय ना तुमी. दिवसभर खांबाला बांधायची, सांच्याला बाजारात नाचवायची — आन् मंग इचारायचं, 'सहादेव, ही गुरगुरते का रे?' तुमाला बांधून घाला तशी चार म्हयने, बगू गुरगुरता का न्हाई.

काय? … चावली? कुनाला? … इंदूला? तुमच्या इंदूला चावली? कंदी? … परवा. आन् हे आत्ता सांगता? ताकाला येऊन भांडं कशाला लपवता, पंत? मगाधरनं खानं सांगता, फिरवनं सांगता — कुटं चावली? हातावर? रगात आलं? … दात उमटलं. म्हंजे धरून सोडलं. हिनं खरं चावलं असतं तर हात ऱ्हायला नसता. कसं झालं ते सांगा. समदं सांगा, काय लपवून ठिवू नगा. … हाड? कुटनं आनलं हाड? … रस्त्यावर घावलं आसंल. आन् पुरलं कुटं? … तुळशीत! आग आई गं! तुमच्या तुळशीवृंदावनात! मंग वैनींनी काठी घितली आसंल — आन् पोरीनं हाड वढाया हात घातला. आता चूक कोनाची, तुमीच सांगा. चार म्हयन्यांनी एक हाड मिळालं बिचारीला, ते बी तोंडातनं काडाया निगाले. खानाऱ्या कुत्र्याच्या तोंडात हात घालू नये हे शेंबड्या पोराला ठावं आसतंय. तुमच्या घरात समदी मॅट्रिक झाल्याली, कुनाला ठावं नसावं?

डाक्टर काय म्हन्ला? … तेच. धा दिस बांधून ठिवा आन् नजर ठिवा. पिसाळल्यालं आसंल तर धा दिसांत मरतंय, न्हाई मेलं तर पोरीला भ्या न्हाई. बरोबर सांगितलं त्यानं. मंग झालं की, बांधून ठिवा. हितं कशापायी आनली? … काय म्हन्लात? … तोंडातल्या तोंडात नगा बोलू, मोठ्यानं बोला. … पुन्यांदा म्हना. न्हाई, पुन्यांदा म्हनाच. 'मंडळी तिला घरात घेईनात.' बरं, फुडं? 'शेजारचे बोलायला लागले.' बरं, आन् फुडं? 'सहादेव, तुला सवय आहे.'

मला सवं हाय.

व्हय. हाय मला सवं. चांगलं शोधत आलात घर. सोवळ्यातल्या मानसाला कुत्रं मारायचं म्हन्ल्यावर सहादेव आठवला. तुमच्या हाताला इटाळ हुतो, माझ्या हाताला काय, ते इटाळल्यालेच हायेत — आन् कोनी इटाळवले, पंत? त्या दिशी लिंबाखाली खुर्ची टाकून मांडीवर यादी घिऊन कोन बसलं हुतं? मी का तुमी? श्रावनात राज गेलं, साहेब लोक निगाले बोटीनं. कुत्री बोटीवर न्हेता येईनात आन् काळ्या मानसाच्या हाती देववनात — उपाशी मारतील म्हन्ले. मंग ठरलं, चांदमारीच्या मागं न्हेऊन गोळी घालायची. आन् कोनीतरी शान्यानं सुचिवलं की जो रोज फिरवतो त्यानंच न्ह्यावं, म्हंजे कुत्रं गपगुमान येतंय, दंगा करत न्हाई. बाकीचे फिरवनारे शाने निगाले. छगन राहुरीला पळाला, सासरा मेला म्हनून — सासरा आजून जित्ता हाय त्याचा, परवा बाजारात भेटला मला. बन्सीला ताप आला. ऱ्हायलो मी. अकरा न्हेली मी, पंत. एकेक करून. पट्टा दाखवला की शेपूट हालवायची, फिराया निगालो म्हनून. त्यो म्हातारा स्पॉट, दोनी डोळ्यांनी आंधळा, तो माझ्या पायाच्या आवाजानं चालायचा. शिपायानं बंदूक लावली तरी तो माझ्याकडंच तोंड करून हुता. मी रिकामा पट्टा घिऊन परत यायचो आन् तुमी बरूनं नावाफुडं खून करायचा. एकदा बी मान वर केली न्हाई तुमी.

आन् बारावी जिनी. हिला मी चिंचंला बांधून ठिवली हुती. शेवटाला न्हेऊ म्हन्लं. शेवटाला म्हंजे — मला वाटलं काय तरी हुईल, साहेबाचं मन बदलंल, सांगावा येईल. काय झालं न्हाई. तवा तुमी मान वर केली. खोटं का बोलू, तवा तुमी चांगलं केलं. 'सहादेव, हिच्यापुढे खूण करतो मी, ही मला दे.' माझ्या घरी ठिवता येत नव्हती, भिंगारात पोरंसोरं जिनीला वळखायची, आन् साहेब आजून आठ दिस हितंच हुता. मी शिपायाला सांगितलं, एक गोळी वर हान. त्यानं हानली. साहेबानं माझे दोनी हात धरले, इचारलं, 'शांतपनी गेली का?' मी म्हन्लं, 'व्हय साहेब, शांतपनी.' रडला त्यो. मी बी रडलो, त्याला वाटलं तिच्यासाठनं. ज्या अकरांसाठनं रडायचं त्यांचे साहेब तर बंगल्यातनं बाहीर बी आले न्हाईत.

साळू, तू आत जा. — बायकूला म्या अकरा सांगितलेच न्हाईत आजवर. शिपाई न्हेत हुते म्हन्लं हुतं.

म्हनून सांगतो, पंत, नाकानं कांदे सोलू नगा माझ्याफुडं. 'साहेबानं भेट दिली' म्हन्ता बाजारात, आन् मी गप बसतो. का? ही जित्ती हाय म्हनून. तेवढ्यासाठनं तुमाला वाटंत रामराम घालतो. ही मेली की मंग माझं तोंड बांधाया काय ऱ्हायलं? आन् आज मारलीत तर पिसाळली हुती का न्हाई हे कळनार कसं? पोरीच्या पोटात चौदा सुया टोचतील, चौदा. वैनींना इचारा, चालतंय का. … न्हाई ना? मंग झालं.

द्या. द्या ती साखळी माझ्याकडं. तुमाला नगं आसंल तर माझ्या दारात बांधतो. आता साहेब न्हाई का कोनी न्हाई, भिंगारानं वळखली तर वळखू द्या. भाकरी खाईल, हाडं खाईल, पाटं माळावर जाऊ आमी. धा दिस जिनीची खबर मी सोता येऊन सांगत जाईन. सोडा ना, पंत, हात कशाला आखडता? हां. ये, जिनी. ये बाय. चल, फिराया — चल —

थांबा. वढू नगा तिला. ढकलू बी नगा. थांबा म्हन्लं ना!

काय झालं, जिनी? मी हाय ना. सहादेव. वास घे की हाताचा. … दारातल्या मातीत मुतली, बगा. भिऊन मुतली. तुमच्या धोतराआड गेली. सा वर्सं मी येतोय म्हन्लं तर फाटक वलांडून यायची ही.

चिंच. चिंचंखालनं समदं दिसत हुतं तिला. अकरा डाव मी गेलो आन् अकरा डाव रिकामा पट्टा घिऊन आलो. मीच बांधली हुती तितं. ध्यानातच आलं न्हाई माझ्या.

घ्या. घ्या साखळी. माझ्या हातात नगं ती. थरथरतीया, बघा, पाठीवर हात ठिवा तिच्या — तुमी ठिवा, मी न्हाई. आसा न्हाई, सगळा तळवा. कंदी ठिवला नव्हता ना? ठिवा. भितीया ती, आन् भिऊन तुमच्याकडं आलीया. तुमच्याकडं, दहीभात घालनाऱ्याकडं! आता तिला कुटं सोडून आलात तर बगा. ठिवायचीच हाय तुमाला. म्हातारी हून मरंस्तवर. वैनी बोलू द्या, शेजारी बोलू द्या, तुळस दुसरी लावा. खाटकाला मी सांगतो, हाडं मागल्या दारी यितील रोज, कोन टाकतंय ते बगाया बाहीर येऊ नगा आन् तिला बी आनू नगा.

काय बगताय माझ्याकडं? निगा. पयलं अंगन सोडा माझं. आन् नाल्याकडनं जावा, बाजारातनं नगा न्हेऊ तिला. जावा म्हन्तो ना!