मामांची दहा नंबरची खुर्ची

आमच्याकडच्या लग्नात मानाच्या खुर्च्यांना अजून दहा, वीस, तीस असे नंबर का, हे विचारलंत म्हणून सांगतो. खूळ सत्तरच्या दशकातलं आहे.

माझा थोरला भाऊ सुरेश पुण्याहून बेसिक ही कॉम्प्युटरची भाषा शिकून आला होता. सोलापुरात आम्ही कुणी कॉम्प्युटर पाहिला नव्हता, तरी तो घरात सगळ्यांना शिकवायचा. प्रोग्रामच्या ओळींना दहा-दहाच्या अंतराने नंबर द्यायचे, म्हणजे मागाहून सुचलेली ओळ मध्ये घालता येते.

ताईच्या लग्नात मानाच्या फेट्यांचं काम त्याच्याकडे आलं. नंबराप्रमाणे फेटे बांधायचे म्हणून त्याने खुर्च्यांच्या पाठीवर खडूने दहा, वीस, तीस लिहिलं.

पहिला मान मोहोळच्या मामांचा. नवरीला बोहल्यावर आणणारे तेच. ते बसायला गेले आणि थांबले.

"दहा? माज्या आदी नऊ जण कोण हायती?"

"कुणी नाही मामा. मागाहून कुणी मोठं आलं तर जागा असावी म्हणून."

"म्हंजे येणार हाय की कोनतरी."

मामा मांडवाबाहेर जाऊन उभे राहिले. आईने सुरेशकडे नुसतं बघितलं. त्याने सगळं पुसून एक, दोन, तीन लिहिलं, तेव्हा मामा एक नंबरवर येऊन बसले.

फेटा निम्मा बांधून झाला आणि साखर कारखान्याचे चेअरमन आले. त्यांना मामांच्या आधी बसवणं भाग होतं. सुरेश खडू घेऊन एकाचे दोन करायला मामांच्या मागे गेला.

मामा मान न वळवता म्हणाले, "दहाच कर की."